जुने फ्रेंच झुंबर पुसताना या चुका टाळा

झुंबर मळले की सगळ्यांचे लक्ष लोलकांकडे जाते. पण बाकारा किंवा सँ-लुई या फ्रेंच कारखान्यांच्या जुन्या झुंबरात क्रिस्टल, म्हणजे शिसे घातलेली चकचकीत काच, सहसा ठणठणीत असते. बिघडते ते त्याला धरून ठेवणारे धातूकाम. म्हणून आधी धातू सांभाळा.

सर्वांत घातक चूक म्हणजे एका जागी उभे राहून झुंबर गोल फिरवत पुसणे. पुष्कळ झुंबरांचा मधला दांडा आट्यांनी जोडलेला असतो. प्रत्येक फेऱ्याबरोबर आटे थोडे थोडे सुटतात आणि एके दिवशी सगळा डोलारा खाली येतो. शिडी हलवा, झुंबर हलवू नका.

काच पुसायचा स्प्रे थेट मारू नका. पाणी लोलकाच्या भोकात, पिनेच्या वेढ्यात अडकते, पितळ कळकते आणि भोकाभोवती हिरवट कडे धरते. स्प्रेमध्ये अमोनिया असेल तर आणखी वाईट, कारण ताणलेली किंवा वाकवलेली पितळ अमोनियाने चिरते. भारतात ब्रिटिश फौजेची पितळी काडतुसे पावसाळ्यात तबेल्यांजवळ ठेवली की तडकत, त्यामागे घोड्यांच्या मुतातला अमोनिया होता! लोलक टांगलेल्या पिना म्हणजे वाकवलेली पितळच. सुती हातमोजे घालावेत, एक किंचित ओलसर, एक कोरडा, आणि एकेक लोलक चिमटीत धरून पुसावा.

चिंच किंवा भांड्यांची पावडर लावून सांगाडा घासला, तर मात्र नुकसान भरून येत नाही. जुन्या ब्राँझवर सोने पाऱ्यात कालवून लावत आणि तापवून पारा उडवत. तो थर अतिशय पातळ असतो. खाली लखलखीत पिवळे दिसले की समजावे, सोने गेले.

लोलक उतरवलेच तर आधी फोटो काढा, रांगांना क्रमांक द्या. कढत पाण्यात बुडवू नका, तडा जातो.

खरेदीतली चूकही सांगतो. शिक्का नाही म्हणून झुंबर नकली ठरवू नका; बाकाराने सरसकट शिक्का उमटवायला 1936 मध्ये सुरुवात केली. उलट ‘1780 चे बाकारा क्रिस्टल’ असे कोणी सांगितले तर सावध व्हा. कारखाना 1764 चा असला तरी तिथे क्रिस्टल बनू लागले ते 1816 नंतर.

आणि तुटलेल्या पिनेच्या जागी लोखंडी तार कधीच घालू नका. ती गंजते, लोलकावर तांबूस डाग पडतात आणि शेवटी तुटून लोलक फरशीवर येतो.