गायतोंडे बघा, मग दोडियांचं शटर

आजची कला कळत नाही म्हणणाऱ्यांनी आधी अमूर्त चित्रं काढणाऱ्या वासुदेव गायतोंडेंचं एखादं चित्र गाठा, आणि मोबाईल खिशात ठेवून निदान दहा मिनिटं तिथेच उभे रहा. लांबून नुसता एक रंग वाटतो, जवळ गेलात की रोलरने चढवलेले, मग पॅलेट नाइफने (रंगकामाच्या सुरीने) खरवडलेले थर दिसायला लागतात आणि खरंच आतून उजेड आल्यासारखं वाटतं. हा मॉडर्निझम, म्हणजे आधुनिकतावाद: चित्राला बाहेरच्या गोष्टीची गरजच नाही.

मग आजचे चित्रकार अतुल दोडिया. दोघंही मुंबईच्या जेजे स्कूल ऑफ आर्टचेच. दोडियांनी 2000 च्या आसपास चक्क दुकानाच्या लोखंडी शटरवर चित्रं काढली, शटर वर केलं की मागे दुसरं चित्र! आता स्वतःला विचारा, गायतोंडेंनी चित्राबाहेर ठेवलेलं रस्त्यावरचं जग इथे चित्रात कसं आलं? माझ्या मते हा मॉडर्निझमला नकार नाहीये, त्याच्याशी गप्पा आहेत.