कृष्णाकाठचा पूर आणि अतिवृष्टीचा अंदाज : या चुका टाळा

अतिवृष्टीचा इशारा आला की कृष्णा आणि पंचगंगेच्या काठी दर पावसाळ्यात त्याच त्या चुका होताना दिसतात. इशारा बहुतेकांपर्यंत पोहोचलेला असतो, परंतु तो कोणत्या भागातील पावसाबद्दल आहे आणि त्या पावसाचे पाणी आपल्या दारात केव्हा येणार, याचा विचार झालेला नसतो.

सर्वांत मोठी चूक म्हणजे आपल्या डोक्यावरच्या आभाळावरून पुराचा अंदाज बांधणे. सांगली किंवा शिरोळचा पूर तेथे पडणाऱ्या पावसामुळे क्वचितच येतो. तो महाबळेश्वर, नवजा, कोयनानगर, राधानगरी, गगनबावडा या घाटमाथ्यावरच्या पावसाचा असतो. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला होता. असे पाणी ओढ्या-उपनद्यांतून आणि धरणांच्या विसर्गातून खाली उतरते, तोवर सखल भागात उघडीपही झालेली असते. अंगणात ऊन पडले म्हणून माडीवर चढवलेले धान्य पुन्हा खाली आणणारी माणसे मी पाहिली आहेत, आणि त्याच रात्री ते धान्य भिजलेलेही पाहिले आहे.

यासाठी मी पावसाळ्यात एक वही ठेवतो. सकाळी साडेआठला संपलेल्या चोवीस तासांतला घाटमाथ्यावरचा पाऊस, धरणांतून सुरू असलेला विसर्ग आणि कोल्हापूरजवळ पंचगंगेवरचा राजाराम बंधारा व सांगलीत कृष्णेवरचा आयर्विन पूल येथील पाण्याची पातळी, एवढे तिच्यात लिहितो. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, तर आयर्विन पुलाजवळ अनुक्रमे ४० आणि ४५ फूट आहे. हे आकडे पाठ असावेत, पण नुसत्या पातळीपेक्षा ती तासाला किती इंचांनी चढते आहे हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. विसर्गाचा हिशेबही अवघड नाही : ११,५७४ क्युसेकचा (सेकंदाला तितके घनफूट) विसर्ग दिवसभर चालला की एक टीएमसी, म्हणजे शंभर कोटी घनफूट पाणी नदीत येते, म्हणजे ५०,००० क्युसेकने एका दिवसात चार टीएमसीहून अधिक.

धरण किती टक्के भरले आहे एवढेच पाहून निर्धास्त होऊ नये. धरणाच्या खालच्या मुक्त पाणलोटातले, म्हणजे धरण नसलेल्या भागात पडून थेट नदीत येणारे पाणी कोणीही अडवलेले नसते, आणि राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे पातळी गाठली की मध्यरात्रीही उघडतात.

सर्वांत गंभीर अशा लाल इशाऱ्याची वाट पाहत बसणे हीदेखील चूकच आहे. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरपासून जोरदार, ११५.६ पासून अतिजोरदार आणि २०४.५ पासून अत्यंत जोरदार अशी हवामान विभागाची वर्गवारी आहे; मात्र जमीन आधीच तुडुंब भिजलेली असेल तर सलग तीन-चार दिवसांचा नारंगी इशाराही पुरासाठी पुरेसा ठरतो. ‘तुरळक ठिकाणी’ या शब्दांवरून पाऊस हलका असेल असे समजू नये, कारण त्यातून पावसाचा जोर नव्हे, तर तो किती ठिकाणी पडेल एवढेच कळते. अलीकडे हवामानाचे नकाशे पाहू लागलेले काही उत्साही तरुण दहा दिवसांपुढचा गडद ठिपका पाहून पुराची तारीखच जाहीर करतात. त्यांनी एक संपूर्ण पावसाळा फक्त नोंदी ठेवाव्यात आणि मग बोलावे, असे मला मनापासून वाटते. हलण्याचा निर्णय मी पुढच्या दोन दिवसांच्या अंदाजावर आणि चढत्या पातळीवर घेतो.

आता त्या चुकीबद्दल, जिची मला सर्वांत जास्त चीड येते : जुन्या पुराच्या खुणेवर विसंबणे. शिरोळ तालुक्यातील माझ्या परिचयाच्या एका कुटुंबाने २००५ च्या पुराची रेघ सोप्याच्या भिंतीवर जपून ठेवली होती. ऑगस्ट २०१९ मध्ये गाव रिकामे करण्याची दवंडी फिरली, तेव्हा घरातील कर्त्या माणसाने ती रेघ दाखवून सांगितले की पाणी याच्या वर जात नाही आणि माडी तर त्याहून कितीतरी उंच आहे. सुनेने जनावरे तरी पुढे पाठवू या म्हणून परोपरीने विनवले, तेही ऐकले गेले नाही. दुसऱ्या दिवशी रस्ता बुडाला, रेघ बुडाली आणि माणसे माडीवर अडकली. ती बोटीतून सुखरूप बाहेर आली, पण गोठ्यातील दावी सोडायला कोणालाही खाली उतरता आले नाही. त्या वर्षी आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेले होते. २००५ मध्ये ते सुमारे ५४ फूट होते.

प्रत्येक पूर वेगळा असतो, कारण कोयना, वारणा आणि पंचगंगा यांचे लोंढे एकाच वेळी येतात की मागेपुढे, यावर उंची ठरते. नृसिंहवाडीला, जिथे पंचगंगा कृष्णेला मिळते, कृष्णा फुगलेली असेल तर पंचगंगेचे पाणी पुढे सरकत नाही आणि फुगवटा मागे गावोगाव पसरतो. म्हणून खुणेऐवजी पातळी ठरवावी : नदी अमुक फुटांवर आली की जनावरे आणि वैरण हलवायची, त्यानंतर अमुक फुटांवर म्हातारी माणसे व मुले, आणि हे सगळे रस्ता उघडा असतानाच. बोटीचा भरवसा धरू नये. ८ ऑगस्ट २०१९ रोजी ब्रह्मनाळ येथे पूरग्रस्तांना घेऊन निघालेली बोटच उलटली होती.

बंधाऱ्यावरून पाणी वाहत असताना दुचाकी घालू नये. जुन्या पुराच्या चित्रफिती तारीख न पाहता पुढे पाठवू नयेत. सात-बारा, आधार आणि बँकेची पासबुके प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून जूनमध्येच वेगळी ठेवावीत.

पाणी ओसरू लागले की लगेच परतण्याची घाई होते, तीही टाळावी. घाटमाथ्यावर दुसरी सर आली तर उतरलेली पातळी पुन्हा चढते, आणि भिजलेल्या मातीच्या भिंती बहुधा पाणी उतरल्यानंतरच ढासळतात. घरात पाऊल टाकण्यापूर्वी वीज बंद असल्याची वायरमनकडून खात्री करून घ्यावी, आणि विहिरीचे पाणी शुद्ध केल्याशिवाय पिऊ नये.