कुकर लावताना शिट्ट्या नको, मिनिटं मोजा

तूरडाळीला किती शिट्ट्या, याचं उत्तर घरोघरी वेगळं मिळतं आणि प्रत्येक उत्तर त्या त्या घरापुरतं बरोबरही असतं. कारण शिट्टी हे शिजण्याचं माप नाही. कुकरमधला दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलोपर्यंत चढला की वरचं वजन उचललं जातं आणि जादाची वाफ बाहेर पडते, एवढाच शिट्टीचा अर्थ. त्या दाबाला पाणी १०० अंशांऐवजी साधारण १२० अंश सेल्सिअसला उकळतं आणि डाळ लवकर शिजते ती या वरच्या २० अंशांमुळे. आच मोठी ठेवली म्हणून आत १३० अंश होत नाहीत. शिट्ट्या भराभर होतात, पाणी आटतं आणि सिलिंडर आठवडाभर आधी संपतो.

म्हणून पद्धत एकच: पहिली शिट्टी होईपर्यंत आच मोठी, मग आच बारीक, आणि तिथून मिनिटं मोजायची. बारीक आचेवर काही कुकरांची शिट्टी नुसती सुसू करत राहते, काहींची तीन-चार मिनिटांनी एकदा होते. दोन्ही ठीक. पूर्ण शांतता झाली आणि वाफेचा मागमूसही राहिला नाही, तर आच फार बारीक झाली आहे, किंचित वाढवा.

घेताना काय बघायचं

कुकरवर लिहिलेले लिटर म्हणजे काठोकाठ भरलेल्या भांड्याचं माप. वापरात त्यातलं दोन तृतीयांशच धरायचं, आणि फुगणारे-फेसाळणारे पदार्थ, म्हणजे डाळ, तांदूळ, खिचडी, थेट कुकरमध्ये शिजवायचे असतील तर निम्मंच. दोघांच्या घराला ३ लिटर पुरतो. चौघांच्या घरात रोज वरण-भात होत असेल तर डब्यांसाठी ५ लिटरचा उभट कुकर आणि उसळ, रस्सा, बटाटे यांसाठी २ किंवा ३ लिटरचा छोटा, अशी जोडी सगळ्यात सोयीची. एकच साडेसात लिटरचा घेऊन त्यात रोज वाटीभर डाळ लावणं म्हणजे ते जाडजूड भांडं तापवण्यातच गॅस घालवणं.

झाकणाचे प्रकार दोन. हॉकिन्सच्या ठेवणीचं झाकण आत जाऊन खालून काठाला टेकतं. दाब जितका जास्त तितकं ते घट्ट बसतं, त्यामुळे वाफ असताना उघडतच नाही. मात्र तिरकं करून आत घालण्याची सवय व्हावी लागते आणि भांड्याचं तोंड काठाशी अरुंद असल्याने हाताशी असलेले डबे आत जातीलच असं नाही. जुने डबे वापरायचे असतील तर ते दुकानात बरोबर न्या. बाहेरून फिरवून बसणारं झाकण, म्हणजे प्रेस्टिजची जुनी ओळख, लावायला सोपं. मोठे डबे सहज जातात. पण थोडी वाफ उरलेली असताना जोर लावला तर ते फिरू शकतं, तेव्हा शिस्त आपण पाळायची. घरात वेगवेगळे लोक स्वयंपाक करत असतील, कुणी घाईचं असेल, तर आमचं मत आतल्या झाकणाच्या बाजूने.

अॅल्युमिनियम स्वस्त, हलकं आणि पटकन तापणारं. रोजच्या डब्यांच्या कुकरला तेच उत्तम, कारण अन्न त्याला लागतच नाही. चिंच, टोमॅटो, आमसूल घालून थेट कुकरमध्ये शिजवत असाल तर स्टील किंवा हार्ड अॅनोडाइज्ड (वरून कडक थर चढवलेलं अॅल्युमिनियम) घ्या. स्टीलचा तळ जाड, मध्ये अॅल्युमिनियमचा थर असलेला हवा. पातळ तळाच्या स्टीलमध्ये मसाला हमखास धरतो. इंडक्शनसाठी तळाला लोहचुंबक चिकटतो का ते पाहा.

आयएसआय खूण सोडू नका. घरगुती कुकरसाठी आयएस २३४७ हे मानक आहे आणि २०२१ पासून ही खूण भारतात सक्तीची आहे. खुणेखाली सीएम/एल असा परवाना क्रमांक असतो, तो बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरो) बीआयएस केअर अॅपवर तपासता येतो. ऑनलाइन अर्ध्या किमतीत मिळणाऱ्या अनोळखी कुकरवर नेमकं हेच पाहायचं.

वरण-भाताचा कुकर

आधी झाकण उजेडाकडे धरा आणि शिट्टीच्या नळीतून आरपार दिसतंय का बघा. दिसत नसेल तर पिन घाला, फुंकर मारा. वरणाचा वाळलेला फेस इथेच अडकतो. पाच सेकंदांचं हे काम रोज करायचं.

कुकरच्या तळाला जाळी ठेवून दोन वाट्या पाणी घाला. जाळी नसेल तर डबा खडखडतो. पाणी फार झालं तर हलका डबा तरंगून कलतो आणि भातात पाणी शिरतं, त्यामुळे डबा ठेवल्यावर पाणी त्याच्या बुडापासून बोट-दीड बोटच वर यावं. पाण्यात पिळलेल्या लिंबाची साल किंवा चिंचेचं बुटुक टाकलं की अॅल्युमिनियम आतून काळं पडत नाही.

खालच्या डब्यात डाळ. एक वाटी तूरडाळ धुऊन अर्धा तास भिजवलेली, दोन वाट्या पाणी, हळद, हिंग आणि चमचाभर तेल. तेलाने फेस कमी होतो. डाळ खाली ठेवण्याचं कारण साधं: वर ठेवली तर उतू जाणारं पिवळं पाणी भातावर पडतं. त्यावर भाताचा डबा. जुन्या कोलमला वाटीला दोन वाट्या पाणी. इंद्रायणी, आंबेमोहोर नवा असेल तर पावणेदोन, कधी दीडच. तांदूळ धुऊन वीस मिनिटं ठेवला की दाणा सारखा शिजतो. शिजून तो तिप्पट होतो, तेव्हा कच्चा तांदूळ आणि पाणी मिळून डबा अर्ध्याच्या फार वर नको. सगळ्यात वरच्या डब्यात दुधीच्या किंवा लाल भोपळ्याच्या फोडी, बटाटे, काहीही. या डब्यावर ताटली हवीच, नाहीतर झाकणाला धरलेलं पाणी आत ठिबकतं. वरची ताटली आणि कुकरचं झाकण यांच्यात दोन बोटं मोकळी असू द्या.

झाकण लावा, मोठ्या आचेवर ठेवा. शिट्टी वेगळी बसवायची असेल तर नळीतून वाफेची सरळ, जोरकस धार आल्यावरच ठेवा. त्याआधी ठेवली तर आत हवा कोंडून राहते आणि हवा-वाफेच्या मिश्रणाचं तापमान नुसत्या वाफेपेक्षा कमी असतं. तीन शिट्ट्या होऊनही वरचा डबा कच्चा, याचं हे एक नेहमीचं कारण.

पहिली शिट्टी झाली की आच बारीक. दहा मिनिटांनी गॅस बंद, आणि पुढची दहा मिनिटं कुकरला हात लावायचा नाही. वाफ जिरेपर्यंतचा हा वेळ शिजण्यातच धरलेला असतो. घाईने उघडलं की भात वर पाणचट, आत कणीदार राहतो.

डाळ गरम असतानाच रवीने घोटा. गार झाली की गुठळ्या राहतात. आमसूल, चिंच, टोमॅटो घोटल्यानंतर. आंबट पदार्थांत डाळी आणि कडधान्यं मऊ व्हायला वेळ लागतो. इतकं करूनही डाळ कडक राहिली तर दोष बहुधा जुन्या डाळीचा किंवा बोअरच्या जड पाण्याचा. ती डाळ दोन तास कोमट, गोड्या पाण्यात भिजवा आणि पाच मिनिटं जास्त ठेवा. सोड्याची चिमूट काम करते, पण डाळ लिबलिबीत होते, चव साबणासारखी लागते आणि अॅल्युमिनियमही काळवंडतं.

थेट कुकरमध्ये

पुढची सगळी मिनिटं पहिल्या शिट्टीनंतर बारीक आचेवरची, आणि वाफ आपोआप जिरू देण्याची. भांडं कोणतंही असो, पाणी एक वाटीपेक्षा कमी कधीच नाही.

मध्यम आकाराचे अख्खे बटाटे ८ ते १० मिनिटं, बीट १५. रात्रभर भिजवलेले छोले १५ ते २०, राजमाही तेवढाच. राजमा भिजवलेलं पाणी फेकून द्या. पांढरे वाटाणे १० मिनिटांत होतात. मुगाची खिचडी (एक वाटी तांदूळ, अर्धी वाटी डाळ, चार वाट्या पाणी) ५ मिनिटं. ओल्या शेंगा मिठाच्या पाण्यात १०. मटण २०, जून असेल तर आणखी ५. कोंबडी कढईतच करा, किंवा फार तर ५ मिनिटं.

पुरणाची हरभराडाळ दोन तास भिजवून, तिप्पट पाण्यात, १२ मिनिटं. दाणा बोटांत सहज चिरडला पाहिजे पण विरघळलेला नको. कटाच्या आमटीला घट्ट कट हवा असेल तर पाणी वाढवण्याऐवजी निथळताना पळीभर डाळ त्यात ठेवा.

अळूच्या फदफद्याची पानं, दाणे आणि हरभराडाळ १० मिनिटांत एकत्र मऊ होतात. दाणे आणि डाळ मात्र आधी भिजवलेली हवी. मोड आलेली मटकी आणि मूग कुकरमध्ये घालू नका, मोड जातात आणि पिठलं उरतं. फ्लॉवर, भेंडी, पालेभाज्या यांचंही कुकरशी जमत नाही.

फोडणी करून रस्सा लावताना मसाला परतला की त्यात पाणी घालून तळ उलथन्याने खरवडा आणि मगच झाकण लावा. तळाला चिकटून राहिलेला मसाला दाबाखाली नक्की करपतो. दाटपणा शेवटी आणा. नारळ-कांद्याचं वाटण, दाण्याचं कूट झाकण उघडल्यावर.

काय बिघडतं

कडेने वाफ जाते, शिट्टी होत नाही: बहुतेक वेळा गास्केट, म्हणजे झाकणातली रबरी रिंग. आधी काढून धुवा, कारण कडेला अडकलेलं एक शीतही पुरतं. ते कडक झालं असेल, चिरा असतील किंवा ताणून सैल पडलं असेल तर बदला. रोज वापर असेल तर वर्षातून एकदा बदलावं लागतंच. पाहुणे दारात असतील तर दहा मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवल्याने आकसून त्या दिवसापुरतं चालतं, पुढे नाही. गास्केट नवं असूनही वाफ जात असेल तर भांड्याचा काठ तपासा. पडून पोचा आला असेल तर ठोकून सरळ करण्याच्या भानगडीत पडू नका.

शिट्टीतून पिवळं पाणी उडतं: डबा जास्त भरला, आच मोठी राहिली, किंवा थेट शिजवलेली डाळ निम्म्याच्या वर गेली.

बराच वेळ शिट्टी नाही आणि तापलेल्या धातूचा वास येतो: पाणी आटलं. गॅस बंद करा आणि कुकर आपोआप गार होऊ द्या. वर गार पाणी ओतू नका.

सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला: त्यात कमी तापमानाला वितळणारा मिश्रधातू असतो. पाणी आटल्यावर किंवा नळी बुजल्यावर तो वितळून वाफेला वाट देतो, म्हणजे त्याने आपलं काम केलं. त्याच कंपनीचा, त्याच मापाचा नवा बसवा आणि तो का उडाला ते शोधा. भोक कणकेने, नट-बोल्टने किंवा साध्या पत्र्याने बुजवणं म्हणजे स्वयंपाकघरात स्फोटाची तयारी. काही झाकणांच्या कडेला मुद्दाम ठेवलेली फट असते. दाब बेसुमार वाढला तर गास्केट तिथून बाहेर सरकावं म्हणून ती आहे.

घाईच्या वेळी बटाटे किंवा बीट असेल तर कुकर नळाखाली धरून बाजूवर पाणी सोडलं तरी चालतं, नळीवर मात्र नको. डाळ, भात, खिचडी, दुधाचे पदार्थ यांची शिट्टी उचलून वाफ सोडू नका. दाब एकदम पडला की १२० अंशांचं ते पाणी क्षणात उसळतं आणि उकळता फेस हातावर येतो. झाकण सहज सरकत नसेल तर आत वाफ आहे असंच समजा.

झाकण बंद करून कुकरमध्ये तळण कधीही नाही. ढोकळा, मोदक उकडताना शिट्टी काढून ठेवायची, पाणी असायलाच हवं. वाळू किंवा मीठ घालून, पाण्याशिवाय केक भाजण्यासाठी रोजच्या वापरातला कुकर वापरू नका. जुना, वापरातून काढलेला ठेवा.

परदेशात इलेक्ट्रिक कॉइलच्या शेगडीवर कुकर लावणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: बटण कमी केलं तरी कॉइल बराच वेळ लाल राहते. पहिली शिट्टी होताच कुकर आधीच बारीकवर ठेवलेल्या दुसऱ्या कॉइलवर सरकवा, आणि शेवटीही उचलून बाजूला ठेवा. जाताना सामानात दोन गास्केट आणि एक सेफ्टी व्हॉल्व्ह टाका, तिथे त्याच मापाचे मिळतीलच असं नाही.

धुतल्यावर गास्केट काढून वाळवा आणि झाकण भांड्यावर उलटं ठेवा. लावून ठेवलं तर गास्केट दबून लवकर सैल होतं आणि आत वास धरतो. दांड्यांचे स्क्रू महिन्यातून एकदा आवळा. ज्योत तळाच्या बाहेर येऊ लागली की आधी बेकेलाइटचा दांडा जळतो, तेव्हा छोटा कुकर छोट्या बर्नरवर ठेवा.