गॅसिफायरसाठी द्राक्षाच्या काड्या वाळवताना

एप्रिलच्या खरड छाटणीनंतर नाशिकच्या द्राक्षपट्ट्यात बांधाबांधावर काड्यांचे ढीग पडतात. घरी गॅसिफायर, म्हणजे लाकूड अपुऱ्या हवेत जाळून इंजिनासाठी ज्वलनशील वायू करणारी भट्टी, बांधणाऱ्याला याहून जवळचे इंधन नाही, पण ताज्या काडीत जवळजवळ निम्मे पाणी असते. वायू निखाऱ्यांमधून खाली ओढणाऱ्या डाउनड्राफ्ट भट्टीत 20 टक्क्यांहून अधिक ओलाव्याचे इंधन घातले, की निखाऱ्यांची उष्णता वाफ करण्यातच खर्च होते, तापमान उतरते आणि एरवी तिथेच विघटित होणारे लाकडाचे चिकट डांबर वायूबरोबर गाळणीत व इंजिनाच्या व्हॉल्व्हपर्यंत जाते. ओलावा 10 ते 15 टक्के असावा. त्याहून कोरडे करण्याचा अट्टहास नको, कारण थोडी वाफ तप्त कोळशाशी संयोग पावून हायड्रोजनच देते.

काड्या आधी तोडाव्यात, मग वाळवाव्यात. अखंड काडीत साल पाणी धरून ठेवते. 3-4 सेंटिमीटरचे तुकडे दोन्ही टोकांनी सुकतात. ते उन्हात पातळ पसरून दिवसातून एकदा खालीवर करावेत.

काडी कटकन मोडली म्हणजे वाळली, या समजुतीने मी एक अख्खा हंगाम फसलो. साल धाग्यांसारखी सुटत होती, पण काडी उभी चिरल्यावर गाभा हिरवट निघाला आणि बोटाला गार लागला. म्हणून वजनच करावे. ढिगाच्या पोटातून मूठमूठ घेऊन 500 ग्रॅम तुकडे 105 अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवावेत आणि वजन उतरायचे थांबेपर्यंत तोलत राहावे. 410 ग्रॅम उरले, तर गेलेले 90 भागिले 500, म्हणजे 18 टक्के. टोचून मोजायचे ओलावामापक यंत्र मात्र सहसा कोरड्या वजनावर, म्हणजे 90 भागिले 410 असा, आकडा देते. हाच नमुना तिथे 22 दिसेल आणि 20 च्या आतले, चालण्याजोगे इंधन उगाच नाकारले जाईल.

मृगाच्या आत माल छपराखाली घ्यावा. वाळलेली काडीही हवेतून पाणी ओढते. आर्द्रता 90 टक्क्यांवर टिकली, तर ओलावा पुन्हा 20 च्या आसपास येतो. गोणीपेक्षा द्राक्षाचे जाळीदार क्रेट बरे, एरवीही ते तेव्हा रिकामेच असतात. फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर रचावेत. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीच्या काड्या हिवाळ्यात हळू सुकतात. त्या उन्हाळ्यापर्यंत राहू द्याव्यात.

भट्टी विझल्यावर वाफ हॉपरच्या, म्हणजे इंधन भरायच्या टाकीच्या, गार पत्र्यावर साचून परत इंधनावर ठिबकते. आतून पन्हळ बसवून तिला खाली तोटी द्यावी. झाकण भट्टी पूर्ण गार झाल्यावर, उघड्या हवेतच काढावे, कारण आतल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. तोटीचे पाणी रोज एकाच बाटलीत धरावे. तितक्याच इंधनाला पातळी चढू लागली, तर त्या दिवशी क्रेटमधला नमुना पुन्हा तोलावा.