माहीमची खाडी कशी वाचायची: जुने नकाशे, पंचांग आणि एक रविवार

खाडीचा इतिहास शोधायला बसलं की सगळे पाणी शोधत बसतात, मीही तेच केलं. पाणी शोधू नका, काठ शोधा. अमुक साली काठ कुठे होता एवढा एकच प्रश्न धरून ठेवला की बाकीचं आपोआप हाती लागतं, भराव कोणी टाकला, कशासाठी टाकला, होड्या कुठे लागायच्या, सगळं.

नकाशा उघडायच्या आधी नावं घ्या, ती फुकट आहेत. शीव म्हणजे हद्द, मुंबई बेट संपून पलीकडे साष्टी बेट सुरू व्हायचं ती जागा, इंग्रजांच्या तोंडी तिचं सायन झालं. खार म्हणजे खारी जमीन. वांद्रे बंदरावरून. कुर्ल्याचं नाव कुर्लीवरून म्हणजे खेकड्यावरून पडलं असं सांगतात, ते खरं मानायचं की नाही तुमचं तुम्ही बघा. जुन्या कागदांत खाजण (भरतीचं पाणी शिरणारी जमीन), मिठागर, बांध, तर (होडीने पलीकडे जायची सोय) असे शब्द दिसले की पेन्सिलने खूण करून ठेवा, त्या सगळ्या जागा कधीतरी ओल्या होत्या.

आता आजच्या नकाशाची मोठी प्रिंट काढा, त्यावर ट्रेसिंग पेपर लावा आणि प्रत्येक काळाचा काठ वेगळ्या रंगाने काढा. कॉम्प्युटरवर लेयर करून होतं, पण मला कागदावरच जास्त कळतं. जुना नकाशा आजच्यावर बसवायला न हललेल्या खुणा लागतात, त्यासाठी किल्ले बेस्ट. इथे चार मिळतात, वांद्र्याचा पोर्तुगीजांनी १६४० मध्ये बांधलेला, माहीमचा, शीवचा आणि धारावीचा काळा किल्ला. अमेरिकन लष्कराने काढलेले १९५० च्या दशकातले नकाशे टेक्सास युनिव्हर्सिटीच्या साइटवर फुकट मिळतात, पण त्यांचं स्केल १ सेंटीमीटरला अडीच किलोमीटर, म्हणजे खाडी नखाएवढी दिसते, काठासाठी त्यांचा उपयोग नाही.

रंग कुठल्या सालांना द्यायचे? मी बांधकामं धरतो, कारण काठ हलतो तो बहुतेक कुठल्यातरी बांधकामानंतर. शीवचा कॉजवे, म्हणजे पाण्यातून भराव टाकून केलेला रस्ता, जोनाथन डंकन गव्हर्नर असताना झाला, एकोणिसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला. माहीम ते वांद्रे मात्र लोक तरीनेच जायचे, मग १८४१ ला काम सुरू होऊन १८४५ मध्ये माहीमचा कॉजवे उघडला. सर जमशेटजी जीजीभाईंच्या पत्नी अवाबाई यांनी त्याला १,५७,००० रुपये दिले आणि अट घातली की सरकारने टोल घ्यायचा नाही. एल. जे. रोड म्हणजे लेडी जमशेटजी, त्याच बाई. (त्याच खाडीच्या तोंडावरून २००९ साली सी लिंक झाला, त्याला टोल आहे, असो.) मग रेल्वेचा बांध आला. आणि १९७७ ला एमएमआरडीएकडे (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे) वांद्रे कुर्ला संकुलाचं नियोजन आलं, याच खाडीला मिळणाऱ्या मिठी नदीच्या दोन्ही बाजूंची साधारण ३७० हेक्टर सखल, दलदलीची जमीन.

इथे एक गोष्ट समजून घ्या नाहीतर रेषा चुकतील. कॉजवे म्हणजे नुसता रस्ता नाही. रुंद तोंडातून मोकळं येणारं जाणारं पाणी आता पुलाच्या खालच्या फटीतून ये-जा करतं, आतल्या बाजूला ते संथ होतं, संथ झालं की गाळ टाकतं, गाळावर तिवरं (खारफुटी) धरतात, तिवरांच्या मुळांत आणखी गाळ अडकतो आणि मग एक दिवस कोणीतरी तिथे उभं राहून म्हणतं अरे ही तर पडीक जमीन आहे. म्हणजे भरावाचा ट्रक येतो तेव्हा अर्धं काम आधीच झालेलं असतं. म्हणून बांधकामाच्या सालाचा काठ एकदा काढा आणि वीस-तीस वर्षांनंतरचा परत काढा, खरा फरक तिथे दिसतो.

१९७२ नंतरचं काम सोपं वाटतं कारण सॅटेलाइट फोटो आहेत, गूगल अर्थमध्ये मागच्या तारखांचे फोटो बघायची सोय आहे, आणि इथेच मी तोंडावर पडलो. दोन फोटो शेजारी ठेवले, दुसऱ्यात खाडी बरीच आत सरकलेली, मी खूश होऊन भराव सापडला म्हणून मित्रांना दाखवत सुटलो. त्यातल्या एकाचे काका कोळीवाड्यातले. त्यांनी फोटो बघितला आणि एवढंच विचारलं, "तिथी काय होती रे?"

भरतीचा जुना हिशोब माहीत नसेल तर शिकून घ्या, दोन मिनिटांचा आहे. तिथीची पाऊणपट करायची. अष्टमीचे ८, त्याची पाऊणपट ६, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती, सकाळी आणि संध्याकाळीही. पौर्णिमा अमावास्येला १५ धरा, सव्वाअकरा येतात. शुद्ध असो वा वद्य, हिशोब तोच. भरतीनंतर सव्वासहा तासांनी ओहोटी. थोडं इकडेतिकडे होतं पण आपल्या कामाला पुरतं. आता हे उपग्रह बहुतेक सकाळी दहा-अकराच्या दरम्यान वरून जातात. म्हणजे फोटो पौर्णिमेचा असेल तर खाडी जवळजवळ तुडुंब, आणि पंचमीचा असेल तर भरती पावणेचारला होऊन दहाला ओहोटी, चिखल उघडा. माझा पहिला फोटो पौर्णिमेच्या आसपासचा, दुसरा पंचमीचा. माझा "भराव" म्हणजे ओला गाळ होता. तेव्हापासून नियम असा की फोटोची तारीख घ्यायची, पंचांगात तिथी बघायची, आणि जवळपास एकाच तिथीचे फोटोच एकमेकांशेजारी ठेवायचे.

मग एक रविवार काढा, तोही पंचांग बघूनच. पंचमी-षष्ठीच्या जवळचा रविवार घेतलात तर सकाळी दहा-अकराला पाणी उतरलेलं मिळेल. माहीमहून वांद्र्याला लोकलने जा, दारात नको, खिडकीशी बसा, आणि पूर्वेला बघा, कडेची तिवरं दिसतील. मग कॉजवेवर चाला. चिखलात उतरू नका, तो दिसतो घोट्याएवढा आणि घेतो कमरेपर्यंत.

तिथून धारावीला काळ्या किल्ल्यावर या. माझ्या मते अख्ख्या फेरीतली ही सगळ्यात महत्त्वाची जागा आणि लोक तीच सोडतात. भिंतीत दगडी पाटी आहे, गव्हर्नर जॉन हॉर्न आणि १७३७ साल. हा किल्ला खाडीवर नजर ठेवायला होता, आज तिथे उभं राहिलं की समोर रस्ता, घरं, बस. किल्ल्यापासून आजच्या पाण्यापर्यंत पावलं मोजत जायचा प्रयत्न करा, सरळ जाताच येत नाही, वळसे घ्यावे लागतात, म्हणून फोनवर दोन्ही टोकांचं लोकेशन सेव्ह करा आणि सरळ अंतर घरी मोजा. वाटेत महाराष्ट्र निसर्ग उद्यान बघा, आता दाट झाडी आहे पण आधी ते कचऱ्याचं डम्पिंग ग्राउंड होतं. झाडी बघताना पायाखाली काय आहे ते लक्षात ठेवा.

घरी आलात की कागदावर शेवटचा रंग लावा, २६ जुलै २००५. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मिठीचं पाणी पसरलं. त्या दिवशी पाणी कुठवर आलं होतं ते कुर्ला, कलिना, धारावीत अजून लोकांच्या तोंडपाठ आहे, पुस्तकातून शोधायची गरज नाही. ती रेष तुमच्या जुन्या काठांवर टाकून बघा.

आणि कोळीवाड्यात गेलात तर "खाडीचा इतिहास सांगा" असं विचारू नका, कोणी सांगत नाही, आपण काहीतरी ऑफिसचे वाटतो. "काका, तुमच्या लहानपणी होडी कुठे लागायची?" एवढंच विचारा. ते हात करून दाखवतात, एखाद्या गल्लीच्या टोकाकडे, एखाद्या पार्किंगकडे. तिथल्या तिथे पिन टाका, घरी येऊन टाकू म्हणालात तर कुठली गल्ली ते आठवणार नाही, माझ्या तशा तीन पिना आजही प्रश्नचिन्ह लावून पडल्या आहेत.