कॅरव्हॅनसाठी व्हॅक्यूम घेताय? आधी या चुका टाळा

"ताई, शनिवारी निघतोय, व्हॅक्यूमची एखादी लिंक पाठवा ना." असा निरोप मला महिन्यातून दोनतीनदा तरी येतो. 2021 मध्ये राज्य सरकारनं कॅरव्हॅन पर्यटनाचं (राहण्या-झोपण्याची सोय असलेल्या गाडीतून फिरण्याचं) धोरण आणलं, त्यानंतर माझ्या ओळखीतल्याच चारपाच घरांनी जुन्या ट्रॅव्हलर मिनीबस घेऊन आतून बदलून घेतल्या. गाडीत ओटा, पलंग, पंखे, पडदे यांवर सहा-सहा महिने चर्चा होते आणि व्हॅक्यूम मात्र निघायच्या आठवड्यात, सेल बघून घेतला जातो. मी लिंक पाठवत नाही. उलट विचारते: गाडीत बॅटरी किती अँपिअर-अवरची आहे, म्हणजे तिच्यात किती वीज मावते? इन्व्हर्टर आहे का? कोकणात निघालात की घाटावर? उत्तर येत नाही. दोन दिवसांनी फोटो येतो, "हा घेतला, स्वस्तात मिळाला." मग तिसऱ्या सहलीनंतर फोन येतो.

आमची गाडीही बदलून घेतलेली ट्रॅव्हलरच आहे. दोन पलंग, छोटा ओटा, 100 अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी, छतावर सोलर. सहा वर्षांत तिसरा व्हॅक्यूम वापरतेय. पहिले दोन का गेले ते खाली येईलच.

वीज न मोजता यंत्र घेणं

सगळ्यात जास्त वेळा दिसणारी आणि सगळ्यात धोक्याची चूक ही. गाडीच्या सिगारेट लायटरच्या सॉकेटमागे फ्यूज असतो, बहुतेक गाड्यांत 10 ते 20 अँपिअरचा. 12 व्होल्ट गुणिले 10 अँपिअर म्हणजे 120 वॅट. त्या भोकातून तेवढीच ताकद मिळणार. म्हणून गाडीसाठी मिळणारे वायरचे छोटे व्हॅक्यूम 100-120 वॅटच्या आसपास असतात. त्यांनी पावाचा चुरा निघतो, केस निघतात, डॅशबोर्डवरची धूळ निघते. पायपुसण्यात रुतलेली वाळू निघत नाही. हे मान्य असेल तर जरूर घ्या, पण त्याच्याकडून घरच्या व्हॅक्यूमचं काम मागू नका.

माझ्या मावसभावानं मागितलं. ताम्हिणीतून हरिहरेश्वरला निघाला होता, बायको आणि दोन लेकरं बरोबर. व्हॅक्यूमवर 150 वॅट लिहिलेलं, सॉकेटचा फ्यूज 10 अँपिअरचा. पहिल्याच संध्याकाळी फ्यूज उडाला. दुसऱ्या दिवशी वाटेतल्या एका गॅरेजात त्याला 30 अँपिअरचा फ्यूज बसवून मिळाला, "आता उडणार नाही" असं सांगून. फ्यूज खरंच उडाला नाही. मग त्याचा धीर वाढला आणि त्यानं त्याच सॉकेटला दोन तोंडांचा जोड लावून एकीकडे 12 व्होल्टची शीतपेटी आणि दुसरीकडे व्हॅक्यूम लावला. दिवेआगरच्या अलीकडे प्लास्टिक करपल्याचा वास आला. सॉकेटची वाटी वितळून वाकडी झाली होती आणि मागच्या वायरींचं आवरण वीतभर एकमेकांना चिकटलं होतं. मुलं मागे झोपलेली होती. त्यानं गाडी थांबवून बॅटरीची तार सोडली म्हणून निभावलं.

फ्यूज वायरीला वाचवायला असतो, यंत्राला नाही. वायर जेवढी सोसते तेवढाच फ्यूज. फ्यूज वारंवार उडत असेल तर यंत्र बदला किंवा बॅटरीपासून स्वतंत्र जाड वायर, तिच्या मापाचा स्वतंत्र फ्यूज आणि चांगलं सॉकेट बसवून घ्या. ऑटो इलेक्ट्रिशियनचं हे अर्ध्या दिवसाचं काम आहे. "सध्या चालवून घेऊ" हा शब्द मला या एका बाबतीत ऐकवत नाही.

याचीच दुसरी बाजू म्हणजे घरातला 1200 वॅटचा व्हॅक्यूम उचलून गाडीत टाकणं. इन्व्हर्टर आहे ना, मग चालेल, असा हिशेब. 1200 भागिले 12, म्हणजे 100 अँपिअर; त्यात इन्व्हर्टरमध्ये वाया जाणारी वीज धरली की 110 च्या वर. शिवाय मोटर सुरू होतानाचा झटका याहून मोठा. 600-800 वॅटचा इन्व्हर्टर तिथेच किंचाळून बंद पडतो. मोठा इन्व्हर्टर असला तरी साध्या लेड-ॲसिड बॅटरीचा व्होल्टेज एवढ्या ओढीला टिकत नाही. रात्री पंखा बंद पडल्यावर मग सोलरला नावं ठेवायची!

आणि हो, बसच्या सांगाड्यावर बांधलेली मोठी गाडी असेल तर तिची वीज बहुतेक वेळा 24 व्होल्टची असते. 12 चं यंत्र तिथे जळतं. गाडीची कागदपत्रं काढून बघा.

मी काय करते ते सांगते. बिनवायरीचा, बॅटरी काढता येणारा छोटा व्हॅक्यूम. माझ्याकडच्याची बॅटरी 21.6 व्होल्ट, 2.5 अँपिअर-अवरची आहे, म्हणजे 54 वॅट-अवर. गाडीच्या 12 व्होल्टच्या बॅटरीतून ती पूर्ण भरायला, वाया जाणारं धरून, पाच-सहा अँपिअर-अवर लागतात. 100 मधून सहा गेले तर कळतही नाही. चार्जर छोट्या इन्व्हर्टरवर चालतो. दुपारी गाडी चालू असताना भरून घेते, रात्री कधीच लावत नाही. पूर्ण जोरात तो आठ-दहा मिनिटंच चालतो, पण आमच्या गाडीतली मोकळी जमीन दोन चटयांएवढी. आठ मिनिटं पुरतात.

ओली वाळू

माझा पहिला व्हॅक्यूम गुहागरला गेला. संध्याकाळी समुद्रावरून आलो, धाकट्यानं ओल्या चड्डीनं थेट गादीवर उडी मारली. रात्री तिथेच झोपायचं होतं. मी घाई केली आणि ती दमट वाळू व्हॅक्यूमनं ओढायला सुरुवात केली. पाचेक मिनिटांत आवाज चिरका झाला, मग ओढच संपली. भांडं उघडलं तर आतला फिल्टर चिखलानं लिंपलेला. तेव्हा मी तो झटकून परत बसवला, ही दुसरी चूक. वेळणेश्वरला पोचेपर्यंत गाडीत कुबट वास भरला होता. घरी आल्यावर पंधरा दिवसांत मोटर खरखरायला लागली आणि बसली. दुरुस्तीवाल्यानं उघडून दाखवली: बेअरिंगवर गंज, त्यात वाळूचे बारीक कण. पाण्यामुळे बिघडलं तर वॉरंटी नाही, हे कागदावर बारीक अक्षरात होतंच.

यामागचं कारण समजून घ्या, म्हणजे घाई होणार नाही. समुद्राच्या वाळूत मीठ असतं आणि ते हवेतली ओल ओढून घेतं. त्यामुळे किनाऱ्यावरच्या दमट हवेत ती वाळू हाताला कोरडी लागली तरी पुरती कोरडी नसते. अशी वाळू फिल्टरच्या छिद्रांत बसते आणि हवा अडते. बऱ्याच छोट्या यंत्रांत ओढलेली हवाच मोटरला गार ठेवते. हवा अडली की मोटर तापते आणि खारट ओल आत शिरली की गंज. दोन्ही एकदम.

आता आमच्याकडे नियम आहे: वाळू दारातच थांबते. पायरीशी दोन पसरट टोपल्यांत पाणी, पहिल्यात पाय बुडवायचे, दुसऱ्यात खळबळायचे. मुलांच्या पोटऱ्यांना टाल्कम पावडर चोळून कोरड्या फडक्यानं पुसलं की चिकटलेली वाळू आपोआप गळते. गादीवर एक जुनी सुती चादर, ती बाहेर नेऊन झटकायची. उरलेली वाळू हिरांच्या केरसुणीनं सुपलीत. व्हॅक्यूम सगळ्यात शेवटी, दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर, तोही फक्त पलंगाखालच्या फटी, सरकत्या दाराची खाच आणि सीटांच्या शिवणींसाठी. नव्या लोकांना केरसुणी कमीपणाची वाटते. माझ्या मते केरसुणी नसलेल्या गाडीत व्हॅक्यूम घेऊच नये, कारण सगळा केर त्याच्यावर पडला तर तो वर्षभर टिकत नाही.

फिरत्या ब्रशचं तोंड असेल तर वाळूवर तो ब्रश बंद ठेवा. तो कण ओढण्याआधी चारी दिशांना उडवतो आणि व्हिनाइलच्या जमिनीवर चरे पाडतो. पावसाळ्यातल्या जांभ्याच्या लाल चिखलालाही हाच न्याय: आधी सुकू द्या, मग खरवडा, मग ओढा. फिल्टर धुण्याजोगा असेल तर धुऊन पूर्ण एक दिवस सावलीत वाळवायचा. मी म्हणूनच दोन फिल्टर ठेवते, एक यंत्रात, एक सुकत.

खरंच ओलं उचलायचंच असेल तर ओल्या-सुक्याचा वेगळा व्हॅक्यूम येतो. तो आकारानं मोठा असतो. जागा असेल तर घ्या.

डब्यावरचे आकडे

कुणी वॅट बघतं, कुणी पास्कल. वॅट म्हणजे यंत्र वीज किती खातं, ओढतं किती ते नव्हे. पास्कल म्हणजे ओढीचा दाब; तो आकडा तोंड पूर्ण बंद करून मोजतात, म्हणजे तेव्हा हवा वाहतच नसते. प्रत्यक्षात वाळूचा कण उचलायला वाहती हवाही लागते आणि दोन्हींचे मोठे आकडे एकाच वेळी कधीच मिळत नाहीत. म्हणून मी दुकानात जाऊन बघते. बरोबर पुडीत कोरडी वाळू आणि थोडे तांदूळ नेते, दुकानदाराला विचारून पायपुसण्यावर टाकते आणि मधल्या वेगावर ओढून बघते. फुल वेगावर सगळेच चांगले दिसतात. नकार देणाऱ्या दुकानातून मी घेत नाही.

तिथेच आणखी एक बघा: सुटा फिल्टर आणि सुटी बॅटरी आज, याच दुकानात मिळते का? "मागवून देऊ" म्हणाले की पुढचं यंत्र बघा. माझा दुसरा व्हॅक्यूम उत्तम चालत होता, फक्त त्याचा फिल्टर मिळेना.

बाकीचं थोडक्यात

ठेवायची जागा आधी टेपनं मोजा, तोंडं आणि चार्जर धरून. फटीत जाणारं लांब तोंड नसेल तर गाडीत उपयोग नाही.

कपाटात मोकळा टाकू नका, पट्ट्यानं बांधा. वरंधा घाटात वरच्या कप्प्यातून दीड किलोचं यंत्र खाली येताना मी पाहिलंय, खाली सासरे बसले होते.

लिथियम बॅटरी बंद गाडीत उन्हात ठेवू नका, आणि साधारण 45 अंशांच्या वर चार्ज तर अजिबात करू नका. स्पितीला जाणार असाल तर उलट: शून्याच्या खाली चार्जिंगला लावली की बॅटरी कायमची खराब होते. रात्री पांघरुणाजवळ ठेवा, सकाळी ऊबदार झाल्यावर लावा.

शेगडीची किंवा शेकोटीची राख कधीही ओढू नका. वरून थंड दिसणाऱ्या राखेत निखारा दुसऱ्या दिवशीपर्यंत जिवंत असतो, आणि तो धुळीनं भरलेल्या भांड्यात गेला तर वाऱ्यानं फुलतो. राखेसाठी पाणी आणि पत्र्याचा डबा.

भांडं रोज रिकामं करा, पण वाऱ्याच्या दिशेनं पाठ करून आणि पिशवीत. कुणाच्या तरी अंगणात गाडी लावलेली असते, आपली धूळ त्यांच्या वाळत घातलेल्या आमसुलांवर जाऊ नये. आणि रात्री नऊनंतर यंत्र चालू करू नका. वाडीत त्या वेळी सगळं शांत असतं आणि तो आवाज चार घरांपर्यंत जातो.