चित्रकथेसाठी कागद, शाई आणि टाक निवडताना

चित्रकथा काढायचे ठरले की बहुतेक जण आधी पेनांचे संच पाहू लागतात. खरे तर पहिला विचार कागदाचा करावा, कारण शाई कशी बसेल, रेघ फुटेल की नाही आणि खोडरबराची घासाघीस कितपत सोसली जाईल, हे सारे कागदावरच ठरते. कच्च्या आराखड्यांना साधा कार्ट्रिज पेपर पुरतो. पक्क्या पानासाठी मात्र निदान २०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला २०० ग्रॅम वजनाचा) गुळगुळीत ब्रिस्टल, म्हणजे चित्रकामाचा जाड, ताठ कागद घ्यावा, कारण खरखरीत कागदाच्या तंतूंत शाईत बुडवून वापरायच्या टाकाची निब अडकते आणि शिंतोडे उडतात. ठाण्यात नौपाड्यातल्या किंवा स्टेशनजवळच्या दुकानातून आधी एकच सुटा शीट आणावा, त्याच्या कोपऱ्यावर आपल्या शाईची रेघ ओढावी आणि तिच्या कडांना केसासारखे फाटे फुटले नाहीत, तरच गठ्ठा घ्यावा. ही परीक्षा पावसाळ्यात पुन्हा करावी. खाडीकाठच्या दमट हवेत कागद ओल धरतो आणि एरवी नीट बसणारी शाईही पसरू शकते.

पान ए-३ आकाराचे घेऊन ए-४वर छापल्यास प्रत्येक रेघ सुमारे ७१ टक्क्यांवर येते, म्हणजे ०.२ मिलिमीटरची रेघ जेमतेम ०.१४ मिलिमीटर उरते. संवादाच्या फुग्यांतली देवनागरी अक्षरे यात सर्वांत आधी अडचणीत येतात: अनुस्वार मात्रेला चिकटतो, 'ष'चे पोट भरून जाते. म्हणून अक्षरांसाठी वेगळे पेन घ्यावे आणि एक वाक्य लिहून त्याची लहान केलेली झेरॉक्स आधी पाहावी.

शाई जलरोधकच हवी. वाळलेल्या रेघेवरून ओला कुंचला फिरवला की ती तशी आहे की नाही, ते लगेच कळते. लाखेचा अंश असलेली इंडियन इंक फाउंटन पेनात मात्र भरू नये, ती आत सुकून पेन कायमचे तुंबवते. तिच्यासाठी टाक किंवा कुंचलाच बरा. दोन क्रमांकाचा गोल कुंचला घेताना दुकानदाराकडून पाणी मागून तो भिजवावा, झटकावा. टोक आपोआप जुळत नसेल, तर तो स्वस्त असला तरी सोडून द्यावा.

पेन्सिलीवर फार खर्च करण्याची गरज नाही. मध्यम शिशाची एचबी पुरते; तिच्याहून कडक टूएच दाबून वापरल्यास कागदावर चर पडते आणि शाई तिच्यात साचते.